भाडं कोण ठरवणार, त्यावर बोला

२०२५ च्या जुलैत मुंबईतले अ‍ॅप-कॅबवाले आझाद मैदानात बसले, एअरपोर्टवर लोक बॅगा घेऊन ताटकळले, आणि तेव्हापासून हा वाद परत पेटलाय. दर संपाला, दर व्हायरल व्हिडिओला तीच वाक्यं. एका बाजूचे म्हणतात अ‍ॅप आली नसती तर काळीपिवळीवाल्यांनी, म्हणजे मीटरच्या टॅक्सीवाल्यांनी, आपल्याला लुटून खाल्लं असतं, त्यांची मस्ती उतरली ते बरंच झालं. दुसऱ्या बाजूचे म्हणतात कंपन्या आल्या आणि वर्षानुवर्षं टॅक्सी चालवणाऱ्यांच्या पोटावर पाय आला, बंद करा हे सगळं. दोन्हीकडचे तावातावाने बोलतात, पण त्या मैदानात बसलेली माणसं नेमकं काय मागत होती हे कोणी धड वाचलेलं दिसत नाही. त्यांच्या मुख्य मागण्यांतली एक होती की आम्हाला काळीपिवळीएवढा रेट द्या. म्हणजे ज्या मीटरला आपण जुनाट म्हणून मोडीत काढलं तोच मीटर एसी गाडीचा, फोनवर चालणारा ड्रायव्हर मागत होता. या एका मागणीने वादाची सगळी मांडणी बदलायला हवी होती. झालं उलटंच, लोकांनी परत आपापले किस्से काढले.

माझं मत आधीच सांगून टाकते. अ‍ॅप राहिलीच पाहिजेत, मला ती बंद झालेली नकोयत. पण अ‍ॅपचं काम गाडी बोलावून देणं एवढंच असावं, भाडं ठरवणं हे शहराचं काम आहे आणि ते उघडपणे, छापील दराने, सगळ्यांना एकच असं झालं पाहिजे, मग तुम्ही गाडी हात दाखवून थांबवा नाहीतर फोनवरून बोलवा. आपण गाडीच्या रंगावर भांडत बसलोय. माझ्या प्रवासाचा दर कुठे ठरतो आणि तो ठरवणाऱ्याला जाब विचारता येतो का, यावर भांडायला हवं.

आता अ‍ॅपच्या बाजूने जे बोलतात त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण त्यातलं बरंचसं मी स्वतः भोगलंय. पहाटे कुर्ला टर्मिनसला उतरायचं, बरोबर आई, दोन बॅगा आणि आंब्याची पेटी, जायचं चेंबूरला म्हणजे अगदी जवळ, आणि स्टँडवरचा माणूस मीटरकडे न बघताच 'पाचशे' म्हणणार. मीटरने जायचं म्हटलं की तोंड फिरवणार, आणि मागचे चार जण आधीच ठरल्यासारखे 'नाही जायचं' म्हणणार. आई म्हणते जाऊ दे, दे त्याला. हा अपमान असतो, पैशांपेक्षा जास्त तो टोचतो. मुंबईत जवळचं भाडं नाकारलं गेलेलं नाही असा माणूस सापडणं कठीण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ मध्ये भाडं नाकारणं हा गुन्हा आहे, पण पहाटे साडेपाचला तो गुन्हा नोंदवायला कोण जातो? अशा शहरात फोनवर भाडं आधी दिसलं, ड्रायव्हरचं नाव दिसलं, गाडी कुठे पोचलीय ते घरच्यांना दिसलं, तर लोक तिकडे वळणारच. बाईमाणसाला रात्री अकराला हे किती मोठं असतं ते मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. (अर्थात त्या सुरक्षिततेचाही इतिहास आहे. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत अ‍ॅपवरून बोलावलेल्या गाडीत एका तरुणीवर बलात्कार झाला, ड्रायव्हरची पार्श्वभूमी नीट तपासलीच नव्हती हे बाहेर आलं, प्रचंड ओरड झाली आणि त्यानंतर कुठे अ‍ॅपमध्ये पॅनिक बटण आलं. लोक आणि सरकार मागे लागले म्हणून ते आलं.)

पण नाकारण्याचा हा रोग काळीपिवळीवाल्याच्या स्वभावात आहे असं जे धरून चालतात त्यांना एक विचारायचंय. आज अ‍ॅपवर गाडी बुक केल्यावर पहिला फोन काय येतो? 'मॅडम, ड्रॉप कुठे? पेमेंट कॅश की ऑनलाइन?' ऑनलाइन म्हटलं की गाडी नकाशावर जिथल्या तिथे उभी राहते, आपण कंटाळून कॅन्सल करायची वाट बघत. हे भाडं नाकारणंच आहे, फक्त आता ते तोंडावर होत नाही. ड्रायव्हर नवा, गाडी नवी, अ‍ॅप परदेशी, आणि वागणूक तीच. मग कारण माणसात कसं असेल? कारण हिशोबात आहे. जवळचं भाडं परवडत नाही, परतीला रिकामं यावं लागतं, कमिशन कापून पैसे कधी येतील माहीत नाही, ही कारणं जोपर्यंत आहेत तोपर्यंत नाकारणं राहणार, काउंटर बदलून ते जात नाही.

आणि टॅक्सीची टंचाई कुठून आली हेही बघा. १९९७ च्या सुमारास मुंबईत टॅक्सी-रिक्षाची नवीन परमिटं गोठवली गेली, ती मोकळी व्हायला २०१७ उजाडलं. वीस वर्षं! त्या वीस वर्षांत कांदिवली-मालाडच्या पुढे अख्खी नवी मुंबई-ठाणे-मीरा रोड अशी वस्ती वाढली, माणसं वाढली, विमानतळावरची गर्दी वाढली, आणि काळीपिवळी मात्र साठ हजारांच्या वर होती ती घसरत घसरत चाळीस हजारांच्या आसपास आली. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा सगळ्यांनी हळवं होऊन फोटो टाकले, पण टॅक्सीचा धंदा पद्मिनीच्या कितीतरी आधीपासून खंगत चालला होता. गाड्या कमी आणि गिऱ्हाईक जास्त असलं की विकणारा मुजोर होतो, हे रेशनच्या रांगेपासून गॅसच्या सिलेंडरपर्यंत आपण सगळीकडे बघितलंय. म्हणजे टंचाई सरकारने निर्माण केली, राग ड्रायव्हरवर निघाला आणि फायदा झाला तिसऱ्याचाच.

तो तिसरा, म्हणजे अ‍ॅप-कंपनी, आला तेव्हा काय घेऊन आला? २०१४-१५ साली प्रवाशाला बसच्या भावात एसी गाडी आणि ड्रायव्हरला दर ट्रिपवर घसघशीत इन्सेंटिव्ह. दोघंही खूश. कोणाच्याही मनात आलं नाही की मधला फरक कोण भरतोय. तो गुंतवणूकदारांच्या पैशातून भरला जात होता, आणि असा पैसा कायम कोणी भरत नसतं. लाखभर रुपये महिना सुटेल या भरवशावर पोरांनी गाड्या काढल्या, हप्ते लागले, मग इन्सेंटिव्ह आटत गेले आणि कमिशन तेवढं राहिलं. मार्च २०१८ ला संप, परत ऑक्टोबर २०१८ ला दहा दिवसांहून जास्त चाललेला संप. २०२५ चं आंदोलन आकाशातून पडलेलं नाही, सात वर्षं तीच तक्रार घेऊन तीच माणसं परत परत रस्त्यावर येतायत.

आता आकडे समोर ठेवू. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २०.६६. रिक्षाला २६ आणि १७.१४. दहा किलोमीटर टॅक्सीने गेलात की साधारण २०७ रुपये, शाळेतलं पोर गुणाकार करून सांगेल. आणि आंदोलनातले अ‍ॅप-ड्रायव्हर सांगत होते की त्यांच्या हातात किलोमीटरला दहा-बारा रुपये पडतात. म्हणजे तेच दहा किलोमीटर, तोच ट्रॅफिक, तोच सीएनजी, आणि हातात शंभर-सव्वाशे. एकदा दादरला उतरताना ड्रायव्हरने मला त्याचा फोन दाखवला, वर माझं बिल, खाली त्याची कमाई, मध्ये तीन-चार ओळी कापाकापीच्या. तो चिडला नव्हता, नुसता बोट ठेवून म्हणाला, 'ही लाइन कशाची आहे ते तुम्हाला कळलं तर मला सांगा.' मला कळलं नाही. मीटरच्या टॅक्सीत निदान प्रवासी आणि ड्रायव्हर दोघं एकच आकडा बघतात. तो आकडा जास्त वाटो की कमी, दोघांच्या समोर तो एकच असतो, आणि तो चुकीचा असेल तर सीटमागचं दरपत्रक बघून भांडता येतं.

यावर सगळ्यात जोरकस उत्तर मिळतं ते असं की बाबा, सरकारने दर ठरवायचा म्हणजे काय होतं ते आम्ही बघितलंय. आणि हे उत्तर खरंच वजनदार आहे. २०१२ ला हकीम समितीने दर काढायचं सूत्र दिलं, गाडीची किंमत, इंधन, देखभाल, विमा, महागाई सगळं धरून. तरी जून २०१५ ला टॅक्सीचं किमान भाडं २२ रुपये झालं ते मार्च २०२१ पर्यंत २२ च राहिलं. मधे खटुआ समिती नेमली, २०१७ ला तिचा अहवाल आला, तो काही वर्षं धूळ खात पडला. जवळजवळ सहा वर्षं एका माणसाच्या मजुरीला हात लावायचा नाही आणि मग तो मीटरमध्ये गडबड करतो म्हणून ओरडायचं, हा कुठला न्याय? मी मीटरच्या बाजूची आहे म्हणून हे झाकून ठेवणार नाही. पण यातून निघतं ते एवढंच की सूत्र असूनही ते वेळेवर लावलं नाही. त्यावर उपाय म्हणजे दरवर्षी एक तारीख ठरवून दर सुधारायचा, वीज आयोगासारखी सुनावणी उघड घ्यायची, प्रवाशांनाही बोलू द्यायचं. सरकार उशीर करतं म्हणून अधिकारच कंपनीच्या कुलूपबंद सूत्राकडे सोपवायचा, असं आपण पाण्याच्या बिलाबाबत करू का? विजेच्या युनिटचा दर रात्री पाऊस पडला म्हणून दुप्पट झाला तर सहन करू का?

इथे सर्जवाले पुढे येतात. त्यांचं म्हणणं असं की पावसात, गर्दीच्या वेळी दर वाढला की जास्त ड्रायव्हर बाहेर पडतात, म्हणून गाडी मिळते. थर्टी फर्स्टच्या रात्री हे खरं असेलही, घरी झोपलेला ड्रायव्हर जास्त पैशासाठी उठून येईल. पण मुंबईच्या पावसाचं काय? हिंदमाताला पाणी भरलं, अंधेरी सबवे बंद झाला, हायवे तुंबला की तिप्पट दर करा नाहीतर पाचपट, गाडी उडत येणार आहे का? तेव्हा दर वाढवून गाड्या वाढत नाहीत, आहे त्या गाडीत कोण बसणार एवढंच ठरतं, आणि ते ज्याचा खिसा मोठा त्याच्या बाजूने ठरतं. हॉस्पिटलची नाईट संपवून निघालेली नर्स भिजत उभी राहते. शिवाय गर्दीच्या वेळेला जास्त दर ही कल्पना अ‍ॅपने शोधून काढलेली नाही. काळीपिवळीला मध्यरात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट भाडं कधीपासून आहे, आणि ते सगळ्यांना माहीत आहे, छापलेलं आहे, त्यावर कोणी कुरकुरत नाही. पाऊस आणि गर्दीसाठीही तसाच छापील जादा दर ठेवा ना, माझी हरकत नाही. हरकत आहे ती लपवाछपवीला. जानेवारी २०२५ मध्ये आयफोनला एक भाडं आणि अँड्रॉइडला दुसरं दाखवता का म्हणून केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दोन मोठ्या कंपन्यांना नोटीस काढली. कंपन्यांनी इन्कार केला. त्या खरं बोलत असतीलही, पण तुम्हाला-मला ते तपासायचा काही मार्ग आहे का? मग त्याच वर्षी मे महिन्यात प्रवास सुरू व्हायच्या आधीच टिप मागायच्या प्रकारावर परत नोटीस. आपण ज्याला भाडं समजतो तो एक लिलाव होऊन बसलाय आणि बोली लावणारे आपण आहोत हे आपल्याला सांगितलंही जात नाही.

'मग बंद करा अ‍ॅप' म्हणणाऱ्या मित्रांना मी गोव्याकडे बघायला सांगेन. तिथे ओला-उबर नाहीत. २०१८ ला गोवामाइल्स हे तिथलं टॅक्सी-अ‍ॅप आलं त्यालाही तिथल्या टॅक्सीवाल्यांनी कडाडून विरोध केला, २०२५ ला अ‍ॅपसाठीच्या नियमांचा मसुदा निघाला तोही विरोधामुळे सरकारला मागे घ्यावा लागला. तिथल्या टॅक्सीवाल्यांची भीती मला समजते, गावातल्या माणसाचा सीझनवर चालणारा धंदा आहे, तो बाहेरच्या कंपनीच्या हातात जाऊ नये असं वाटणं काही चूक नाही. पण डिजिटल मीटरचा आग्रह कोर्टापर्यंत जाऊनही मीटर टाकून धावणारी टॅक्सी तिथे सहज मिळते का? नाही मिळत. म्हणजे अ‍ॅप बाहेर ठेवलं तरी भाड्याचा प्रश्न जिथल्या तिथे आहे, आणि तिथल्या माणसालाही दाबोळी विमानतळावरून घरी जाताना तो सोसावाच लागतो.

आणि परमिट कायम गोठवून ठेवा, म्हणजे जुन्यांचं भलं होईल, असं ज्यांना वाटतं त्यांनी न्यूयॉर्कचं बघावं. तिथे १९३७ च्या कायद्याने टॅक्सीच्या बिल्ल्यांची, म्हणजे परमिटांची, संख्या बांधली, टंचाईमुळे बिल्ल्याचा भाव चढत गेला आणि २०१४ च्या सुमारास दहा लाख डॉलरच्या वर पोचला. स्थलांतरित ड्रायव्हरांनी आयुष्यभराची कर्जं काढून बिल्ले घेतले, शहराने लिलावातून स्वतः कमाई केली, मग अ‍ॅपच्या गाड्यांचा लोंढा आला, भाव कोसळले आणि २०१८ मध्ये अनेक ड्रायव्हरांनी जीव दिला. आधी बंधन इतकं आवळलं की परमिटचा सट्टा झाला, मग इतकं सोडलं की माणसं बुडाली. त्यातून शहाणं होऊन त्या शहराने काय केलं? २०१८ ला नव्या अ‍ॅप-गाड्यांवर मर्यादा घातली आणि पुढच्या वर्षी अ‍ॅप-ड्रायव्हरला किमान मोबदला कायद्याने बांधून दिला. अ‍ॅप पळून गेली नाहीत. आजही तिथे चालू आहेत.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही खरं तर. ज्याचा एक मालक नाही, जो आज या व्यापाऱ्याचं पोतं उचलतो आणि उद्या त्या व्यापाऱ्याचं, त्या माणसाला कामगार म्हणायचं का, हा प्रश्न महाराष्ट्राने १९६९ मध्येच सोडवला होता. माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र केलं, लढा दिला आणि कायद्याने मंडळं आली, त्यात व्यापारीही नोंदलेला आणि कामगारही. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही, म्हणजे त्या मजुरीवरची ठराविक टक्के रक्कम, भरायची, त्यातून हमालाला पीएफ, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. तेव्हाही व्यापारी म्हणत होते की हे आमचे नोकर कुठे आहेत, हे तर स्वतंत्र काम करणारे लोक. आज कंपन्या ड्रायव्हरला 'पार्टनर' म्हणतात ते याच चालीवर. पुढे माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारे निपजले, बोगस टोळ्या झाल्या, हे मला मान्य आहे आणि त्याची लाज वाटते, पण त्यामुळे मूळ कल्पना खोटी ठरत नाही. मालक कोण यावर घोळ घालत न बसता, काम झालं की त्या कामावर हक्काचे पैसे जमा झाले पाहिजेत, हा विचार आपल्या बाजारपेठांतून आलाय. तो टॅक्सीला लावायला काय हरकत आहे?

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यात अ‍ॅप-कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के कामगारांसाठी द्यायचे असं आहे. चांगलं आहे, पण एक मेख आहे आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. अलीकडे कंपन्या कमिशन सोडून सबस्क्रिप्शनकडे चालल्यात, म्हणजे ड्रायव्हरने रोजचे ठराविक पैसे भरायचे आणि भाडं थेट प्रवाशाकडून घ्यायचं. ड्रायव्हरला हे कमिशनपेक्षा बरं वाटतं, आणि बऱ्याच जणांना ते खरंच बरं पडतंय. पण मग कंपनीची उलाढाल म्हणजे भाडं नव्हे, नुसतं ते सबस्क्रिप्शन, आणि त्याचे दोन टक्के म्हणजे ड्रायव्हरच्या वाट्याला काय येणार? शिवाय भाडं कमी दाखवलं, ड्रायव्हर भांडला, प्रवासी अडकला, तर कंपनी म्हणायला मोकळी की आम्ही फक्त सॉफ्टवेअर पुरवतो. कर्नाटकाने २०२५ च्या कायद्यात कामगाराला मिळणाऱ्या दर वेळच्या मोबदल्यावर एक ते पाच टक्के फी बसवायची तरतूद केली, तो रस्ता जास्त सरळ आहे. आपल्याकडेही लेव्ही प्रत्येक फेरीवर हवी, उलाढालीवर नको.

आपलं राज्य अगदीच झोपलेलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅप-कॅबसाठी किलोमीटरला २२.७२ रुपये मूळ दर ठरवला गेला. म्हणजे दर शहराने ठरवायचा हे तत्त्व सरकारने मानलं. मानलं, पण फोनवर तो दर दिसत नाही! ड्रायव्हरांना रस्त्यावर प्रवाशाशी वाद घालून सांगावं लागतं की सरकारी दर एवढा आहे, आणि प्रवासी साहजिकच म्हणतो मला स्क्रीनवर दिसतंय तेवढंच देणार. दोन गरीब-मध्यमवर्गीय माणसं भर ट्रॅफिकमध्ये एकमेकांवर ओरडतायत, आणि ज्याने चुकीचा आकडा दाखवला तो तिथे हजरच नाही. यात ड्रायव्हरची मुजोरी शोधणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, जरा थांबा, तो आकडा कोणाचा आहे ते बघा.

करायचं काय ते काही फार अवघड नाही. लायसन पाहिजे असेल त्या अ‍ॅपने बिलावर तीन आकडे छापावेत, शहराचा दर, त्यावरचा छापील जादा दर असेल तर तो, आणि ड्रायव्हरच्या हातात किती पडले. काळीपिवळी आणि रिक्षाही त्याच अ‍ॅपवर त्याच दराने बोलावता आल्या पाहिजेत. भाडं नाकारलं तर तक्रार दोघांनाही सारखी लागू, मीटरवाल्यालाही आणि फोनवरून कॅन्सल करायला लावणाऱ्यालाही. आणि हे जमणार नाही असं परिवहन खात्याने सांगू नये, कारण २०१२ च्या आसपास याच खात्याने जुने मीटर काढून इलेक्ट्रॉनिक मीटर बसवायला लावले, तेव्हा संघटनांनी विरोध केला, कोर्टात गेले, आणि तरीही रिक्षा-टॅक्सीत ते एक-एक करून बसले. तेव्हा समोर हप्त्यावर गाडी चालवणारी हजारो माणसं होती, आता मोजून चार-पाच कंपन्या आहेत.